तिकिटामागचं वाक्य

भाऊ,

तिसऱ्या दिवशी तुझी राख घेऊन आम्ही माळावर गेलो, तर फाटकावर आम्हाला अडवलं.

"किती जण?" खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

वहिनीच्या हातात मडकं होतं, पांढऱ्या कापडानं तोंड बांधलेलं. मी त्याला सांगितलं, आम्ही फिरायला आलेलो नाही, मी उत्तमरावांची बहीण, ही त्यांची बायको, पाणवठ्याजवळच्या निंबाखाली राख टाकायची आहे, त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. तो ठेकेदाराचा माणूस, बाहेरगावचा. उत्तमराव कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मॅडम, आत जाचं तं तिकीट लागते. मडक्यात काय हाय?"

"माणूस हाय," मी म्हटलं. "त्याचं लागते का, पाह्य."

तो गडबडला. मग मोठी मेहेरबानी केल्यासारखा म्हणाला, "त्याचं नाई लागत."

म्हणजे तू आत फुकट गेलास, भाऊ. तू, ज्यानं तिकीट लागल्यापासून या माळावर कधी फुकट पाऊल टाकलं नाही. मी त्या माणसाशी भांडणारच होते, पण वहिनीनं मला कोपरानं थांबवलं आणि कमरेची पिशवी सोडली. "काढू दे तिकीट. त्यायनंच लावलं हाय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी तिकीट काढलं आणि तुला घेऊन आत गेलो.

तेव्हापासून माझ्या तोंडाची कडू चव जात नाही. रडू येतं, नाही असं नाही. पण रडू येण्याच्या आधी किळस येते. तुझ्यासाठी नुसतं रडायचंही सुख या लोकांनी ठेवलं नाही, याचा मला फार राग आहे.

आपल्या लहानपणी या माळाला फाटक नव्हतं. सरकारची ई-क्लास जमीन, म्हणजे कागदावर सरकारची आणि खरं तर गावातल्या गायीबकऱ्यांची. आपण दोघं शेण वेचायला जायचो आणि काळविटांचा कळप दिसला की पाटी तिथंच टाकून बसायचो. पुढं काळविटांसाठी माळ राखीव झाला. गावानं कुरकुर केली, कारण हरभरा उगवून वर आला की ही पाहुणेमंडळी आधी आपल्याच शेतात जेवायला यायची. तू मात्र खूश होतास. मग रस्ता झाला, आणि रस्त्यामागून रविवार आला. मोटारी, मोठ्यानं लावलेली गाणी, कुरकुऱ्यांची पाकिटं, हरणांमागं गाडी घालून पळवायची हौस. आणि उन्हाळ्यात पाणवठे कोरडे, कारण पाणी टाकायला निधी नाही. रोही, म्हणजे नीलगायी, तहानेनं गावच्या हापशीपर्यंत यायला लागले.

तू तेव्हा माळ सांभाळणाऱ्या गावच्या समितीचा अध्यक्ष होतास. एका दुपारी कारंजा गावात माझ्या घरी आलास, जेवलास, आणि हात वाळायच्या आत म्हणालास, "सुमे, म्या ठरवलं. माळाले तिकीट लावतो."

मी ताडकन उठले होते, आठवतं? मी एसटीत कंडक्टर, जन्मभर तिकिटं फाडणारी, आणि माझाच तिकिटाला विरोध. मी तुला आपल्या आबांची आठवण करून दिली. आबांनी लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. विहिरीला कठडा होता, फाटक नव्हतं, तरी त्यांना थांबावं लागायचं. आपल्याला ते एवढंच सांगायचे, की पाण्यापाशी कोणालाच थांबवू नका. "आबांचा पोरगा फाटक लावनार का?" मी म्हटलं. "फाटक लागलं का त्याच्यावर कोणीतरी येऊन बसते, भाऊ. मंग कोणाले सोडाचं अन् कोणाले नाही, ते तोच ठरवते."

तू शांत होतास. भांडताना तू शांत असलास की मला जास्त राग यायचा.

"तूच तं सांगत होती," तू म्हणालास, "नोकरी लागली तवा. म्हणे, भाऊ, गाडीत तिकीट काढलं का पाटील असो का आपण, सीट सारखीच. कोणी उठ म्हणत नाही. सांगत होती का नाही?"

सांगत होते. नव्या खाकीच्या तोऱ्यात सगळ्या गल्लीला सांगत फिरले होते.

"मंग माळावर बी तसंच होईन. खिडकीपुढं सारे सारखे. साहेब येवो का हमाल, तिकीट काढन अन् आत जाईन. गावच्या बाया गवताले जातीन, त्यायले नाही. पाह्याले येईन त्याले. तो पाहते, तं त्यानं पाणी पाजावं. एवढंच."

माझेच शब्द माझ्याच चुलीपुढं माझ्या पदरात टाकलेस. मी तोंड वाकडं करून भांडी घासायला घेतली. तू मागच्या खोलीत बसून तिकिटाच्या पाठीवर छापायचं वाक्य लिहीत राहिलास. चार शब्द खोडलेस, पुन्हा लिहिलेस, मला वाचून दाखवलंस. 'आपल्या तिकिटाच्या पैशातून या माळावरील प्राण्यांना उन्हाळ्यात पाणी मिळते.' मी म्हटलं, शाळेतल्या निबंधासारखं आहे. तू म्हणालास, असू दे, खरं आहे ना.

आणि खरं झालंही, भाऊ. ते मी तुला तोंडानं कधी कबूल केलं नाही, म्हणून आता लिहिते. पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला. गावातल्याच माणसांनी पाणवठे घासले, भेगा बुजवल्या. रविवारची गाणी बंद झाली, कारण तू खिडकीपाशी स्वतः उभा राहून सांगायचास, गाणी ऐकायची तर घरी ऐका. वैशाखात माझ्या सुट्टीच्या दिवशी तू मला तिकीट काढायला लावून आत नेलंस. तू स्वतःचंही काढलंस. खिडकीतला आपल्याच गल्लीतला होता, तो लाजला. आपण हिवराच्या सावलीत गवतात बसलो. ऊन उतरल्यावर कळप आला. पुढं एक काळाभोर नर, मान ताणून वास घेणारा, मागं माद्या आणि त्यांच्या पायात लुडबुडणारी पाडसं. सगळ्यांनी एका ओळीत पाण्याला तोंड लावलं. पाणी पितानाचा तो बारीक आवाज आपल्यापर्यंत येत होता. तू माझ्याकडं पाहत होतास, काळविटांकडं नाही. मी म्हणावं, पटलं, म्हणून.

मी म्हटलं, "बरं हाय." तू हसलास.

असा उन्हाळा तू मला दाखवलास, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. पुढं जे झालं त्यानं हा उन्हाळा खोटा ठरत नाही, हे मी स्वतःला रोज सांगते.

पुढं काय झालं ते तुला मी काय सांगू? तूच पाहिलंस. पण मला ओकून टाकल्याशिवाय बरं वाटणार नाही. माळावर पैसा येतो हे दिसल्यावर ज्यांनी जन्मात माळाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांना काळविटांचा उमाळा आला. आधी कमान उभी राहिली. कमानीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची हरणं बसवली, आणि त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके रंगवले. चितळाचे ठिपके! आपल्या माळावर चितळ कुणी पाहिलंय? तू रंगाऱ्याला विचारलंस तर तो म्हणाला, वनखात्याच्या साहेबाले असेच पायजे, फोटोत चांगले दिसतात. मग फोटो काढायला बदामाच्या आकाराची लोखंडी चौकट आली. मग कारंजं. फाटकाच्या आत, रंगीत दिव्यांचं, रविवारी चालणारं कारंजं. ज्या टँकरनं पाणवठे भरायचे तो कारंजं भरायला लागला. पाणवठ्यात तडे गेले आणि कारंज्यात पोरं पाय बुडवून बसली. तिकिटाच्या पाठीवर तुझं वाक्य मात्र तसंच छापून येत होतं.

आणि तुझी ती सारखी खिडकी? तिच्या बाजूनं दुसरा रस्ता निघाला. साहेबांचे पाहुणे, पुढाऱ्यांचे जावई, कुणाचे तरी मित्र. त्यांच्या गाड्यांसाठी आडवा दांडा आपोआप वर जायचा. उरलेल्यांनी तिकीट काढायचं. एकदा तू अशा गाडीपुढं उभा राहिलास. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि तू बोनेटवर हात ठेवून म्हणत राहिलास, "तिकीट काढा, मंग जा." त्यांनी काढलं नाही, परत गेले. आठवड्याभरात समितीची बैठक झाली. तुझ्या कार्याचा गौरव म्हणून शाल दिली, नारळ दिला, आणि अध्यक्षपद दुसऱ्याला. हाकलायची ही रीत मला फार घाण वाटते. सरळ जा म्हणायचं तर नारळ कशाला?

ती शाल वहिनीनं बैलाच्या पाठीवर टाकली. तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं होतं.

त्यानंतर तू जे केलंस त्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. तू बैलगाडीवर ड्रम ठेवलास, आपल्या विहिरीचं पाणी भरलंस आणि पाणवठ्यावर न्यायला लागलास. इथवर ठीक. पण फाटकावर थांबून तू दर खेपेला तिकीट काढायचास. मला कळलं तेव्हा मी उभ्या उभ्या तुझ्या घरी आले. गाव हसत होतं, भाऊ. खिडकीतला माणूससुद्धा हसत होता.

"पाणी तुहं, बैल तुहे, घाम तुहा," मी म्हटलं, "अन् वरून तिकीट? त्यायच्या कारंज्याले पैसे देऊन राह्यला तू. कायले?"

"म्या फुकट गेलो," तू म्हणालास, "तं मले बोलाले तोंड राह्यत नाही. मंग ते म्हनतीन, हा बी आपल्यातलाच."

"बोलून बोलून काय झालं? शाल भेटली. चुकलंच तुहं. तिकीट लावलं तेच चुकलं."

वहिनी चहा घेऊन उंबऱ्यातच थांबली होती. तू बराच वेळ बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत राहिलास. मग म्हणालास, "सुमे, तुह्या गाडीत एखादा फुकट बसला, तं तू गाडी बंद करते का?"

मला उत्तर सुचलं नाही. माझी परतीची गाडी सुटायची होती. मी म्हटलं, येते मी, आणि निघाले. त्यानंतर तुझ्या छातीत कळ आली आणि अकोल्याला नेईपर्यंतही तू थांबला नाहीस. उत्तर द्यायचं राहून गेलं.

उत्तर मला तुझी राख निंबाखाली टाकताना सुचलं. अगदी साधं होतं. गाडी बंद नाही करत, भाऊ. फुकट्याला खाली उतरवते. आमच्याकडं बिनतिकिटाचा माणूस सापडला तर आधी कंडक्टरला धरतात. पैसे घेणारा जो, जबाबदार तोच. तुमच्या त्या फाटकावर पैसे घ्यायला सगळे होते, जबाबदार कुणीच नव्हतं, आणि मी त्याचा दोष तिकिटाला देत बसले.

आता पुढचं ऐक, हे तुला ठाऊक नाही. तुझ्यामागचं पुण्यानुमोदन आपल्या घरी साधं झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. संध्याकाळी नवे अध्यक्ष आले. खाली मान घालून बसले, डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाले, उत्तमरावांसारखा माणूस होणे नाही. समितीनं ठरवलंय, फाटकाला त्यांचं नाव द्यायचं. येत्या रविवारी शोकसभा घेऊ, साहेब येणार आहेत, पडदा वहिनींच्या हातानं. ज्यानं तुला नारळ दिला तो तुझ्याच ओट्यावर बसून गळा काढत होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाली, "येतो आम्ही रविवारी." रात्रभर मी तिच्यावर चिडून होते.

रविवारी मी ड्युटीवरून तशीच खाकीत गेले. खाकी अंगावर असली की माणसं जरा बिचकतात, असा माझा अनुभव. कारंजं चालू होतं. कमानीवर पाटी बसवली होती आणि तिच्यावर निळा साटीनचा कपडा टाकला होता. निळा मुद्दाम आणला होता, आपल्या लोकांना बरं वाटावं म्हणून. तो पाहूनच मला शिसारी आली. गाड्यांची रांग आली आणि दांडा आपोआप वर गेला. मी पुढं होऊन मधोमध उभी राहिले, तू उभा राहिला होतास तशी.

"तिकीट दाखवा," मी पहिल्या गाडीला म्हटलं.

अध्यक्ष पळत आले. "ताई, कार्यक्रम तुमच्याच घरचा हाय. घरच्या कार्यक्रमाले तिकीट असते का?"

"घरचा असन तं आमच्या ओट्यावर घ्या. हे सरकारी रान हाय. इथं तिकीट लागते. माह्या भावाच्या राखेसंगं आलो तवा आम्ही बी काढलं."

त्यांनी गाडीत वाकून हात जोडले. "बहीण हाय, साहेब. धक्क्यात हाय." मग कुणीतरी माझ्या दंडाला धरून, हळूच, अगदी सन्मानानं मला बाजूला केलं. गाड्या आत गेल्या, धुरळा माझ्या तोंडावर टाकून. उतरवता नाही आलं, भाऊ. एकालाही नाही. बाजूला फिरायला आलेली माणसं उभी होती. त्यातल्या एका बाईनं मी न मागताच आपलं तिकीट माझ्यापुढं धरलं. मग तिच्या नवऱ्यानं धरलं. त्यांना वाटलं, मी खरंच तपासायला आले आहे. त्या दोन तिकिटांनी माझा धीर टिकला.

भाषणं झाली. तुला वन्यजीवांचा बाप म्हणाले. साहेबांना तुझं नाव नीट घेता आलं नाही, चिठ्ठीत पाहून घेतलं. मग वहिनीच्या हातात पडद्याची दोरी दिली. फोटोवाले पुढं सरसावले. आपली वहिनी, जी पाहुण्यांपुढं चहा ठेवून लगेच आत जाते, ती दोरी धरून नुसती उभी राहिली. मला वाटलं, तिला भोवळ येते की काय. तिनं दुसऱ्या हातानं कमरेच्या पिशवीतून राखेच्या दिवशीचं तिकीट काढलं, उलटं केलं आणि अडखळत वाचलं.

"आपल्या तिकिटाच्या पैशातून या माळावरील प्राण्यांना उन्हाळ्यात पाणी मिळते."

मग साहेबांकडं पाहून म्हणाली, "हे त्यायनं लिहेल हाय. पाणवठ्यात पाणी हाय का?"

मागं कारंज्याचा आवाज तेवढा चालू होता.

"मंग आता नको," वहिनी म्हणाली. "पाणी भरलं का मले बोलवा. येऊन ओढीन." तिनं दोरी खांबाच्या खिळ्याला नीट गुंडाळली, गाठ मारली, आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, "चाल सुमन, बैलाले पाणी दाखवाचं हाय."

मी तिच्या मागून चालत होते आणि मला हुंदका आवरत नव्हता. पहिल्यांदा तेव्हा मी तुझ्यासाठी नीट रडले. तू गेल्याचं दुःख आणि तू अशा बाईच्या घरात जगलास याचं समाधान, दोन्ही एकदम आलं. तुझ्यापेक्षा ती जास्त हट्टी आहे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

परवा गाडी माळावरून जाताना फाटकाशी टँकर उभा दिसला. मी तिकीट फाडायचं थांबून खिडकीतून वाकून पाहिलं. पाइप कारंज्यात सोडलेला होता. मी शिवी दिली, पुढच्या सीटवरच्या आजीनं चमकून पाहिलं. पाणवठ्यावर अजून आपलाच ड्रम जातो. बैल वहिनी हाकते, आणि तिकीट काढते.

आयुष्यभर मी तुझ्याशी भांडले ते जिंकायला. हे एकच भांडण असं आहे की तू जिंकावंस असं मला मनापासून वाटतं. तिकीट चुकलं नव्हतं, भाऊ. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू नुसता हसला असतास, त्या हिवराखाली हसलास तसा.

पाटीवरचा निळा कपडा उन्हानं विटत चालला आहे. त्याला ओढायला एक हात पुरे, आणि त्या फाटकावर दिवसभर माणसं असतात, पण अजून कुणाचा हात उठलेला नाही. काल वहिनी शिरपूरला जायला माझ्याच गाडीत बसली. तिकीट काढलं, सुटे पैसे मोजून घेतले, आणि माळ मागं गेल्यावर विचारलं, "पाह्यलं का? कपडा हाय?"

"हाय," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली.